वाचकांचे प्रश्न: काळ्या पत्थरात पांढऱ्या काड्या कुठून आल्या?

प्रश्न (मंचर, जि. पुणे): आमच्या विहिरीचं खोदकाम चालू आहे. खाली काळा पत्थर लागला आणि त्यात पांढऱ्या काड्या दिसतात, काही तर बोटाच्या पेराएवढ्या. ब्लास्टिंगवाला म्हणतो गारगोटी आहे, सोडून द्या. पण शाळेत शिकलो की आपला दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा, मग एकाच लाव्हातून काळं वेगळं आणि पांढरं वेगळं कसं निघालं? दुसरीकडच्या दगडात असं का नाही दिसत?

उत्तर: आधी एक काम करा, त्यातला एक चांगला ताजा फुटलेला तुकडा घरात आणून ठेवा, सगळा डबर बांधावर टाकू नका, कारण तुमच्या हाती फार सुंदर दगड लागलाय. ती गारगोटी नाही. तुकडा उन्हात धरून हळूहळू फिरवा, एका कोनात काडी आरशासारखी लख्ख चमकेल आणि जरा हललं की विझेल. गारगोटी काचेसारखी वेडीवाकडी फुटते, तिला असा सपाट आरसा येत नाही. तुमच्या काड्या आहेत प्लॅजिओक्लेजच्या, म्हणजे फेल्स्पार जातीचं खनिज. आणि भूगर्भवाले लोक अशा दगडाला जायंट प्लॅजिओक्लेज बेसॉल्ट म्हणतात (बेसॉल्ट म्हणजे आपला हा काळा पत्थर), सह्याद्रीत त्याचे काही ठरावीक थर आहेत आणि त्यातल्या एका थराला नावच मंचरचं दिलेलं आहे! बाकीच्यांत थळ घाट, कशेळे, गिरवली अशी नावं आहेत.

आता एकाच लाव्हातून दोन गोष्टी कशा, तर त्यासाठी घरच्या तुपाकडे बघा. कढवलेलं तूप ओट्यावर तसंच हळूहळू निवू दिलं की छान रवाळ होतं, आणि घाईत फ्रीजमध्ये ढकललं की गुळगुळीत गोळा होतो. हळू निवताना कण धरायला मोजक्याच जागी सुरुवात होते आणि प्रत्येक कणाला वाढायला वेळ मिळतो, घाईत मात्र एकदम हजारो जागी सुरुवात होते आणि मोठं कुणीच होत नाही. दुसरी गोष्ट, अर्धवट थिजलेल्या बरणीत खाली रवा असतो आणि वर तेलासारखं पातळ. तूप म्हणजे काही एकच पदार्थ नाही, त्यातली जी चरबी जास्त तापमानाला थिजते ती आधी बसते आणि वर उरतं ते मूळच्या तुपापेक्षा वेगळं असतं.

लाव्हाचं अगदी हेच. बेसॉल्टचा लाव्हा बाहेर येतो तेव्हा साधारण 1100 ते 1200 अंश सेल्सिअस असतो, आणि पाण्याचा 0 अंशाला बर्फ होतो तसा तो एका ठरावीक तापमानाला दगड होत नाही, जवळजवळ 200 अंशांच्या उतरणीत टप्प्याटप्प्यानं होतो. मॅग्नेशियम भरपूर असेल तर पहिला मान ऑलिव्हिनचा, हिरवट काचेसारखे दाणे. ते स्वतःला लागणारं मॅग्नेशियम रसातून ओढून घेतात, सिलिका (वाळूत, गारगोटीत असतं ते द्रव्य) कमी घेतात, त्यामुळे उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते. मग पायरॉक्सीन (हे गडद रंगाचं खनिज) आणि प्लॅजिओक्लेज, कधी हे आधी कधी ते, रसात काय किती आहे त्यावर ठरतं. शेवटी इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोखंड-टायटॅनियमची काळी खनिजं (दोऱ्याला चांगलं पॉवरफुल मॅग्नेट बांधून तुमच्या दगडाजवळ न्या, ओढलं जातं ते याच मॅग्नेटाइटमुळे, आणि रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर जी काळी वाळू दिसते तिच्यातलं इल्मेनाइटसुद्धा याच दगडातून झिजून आलेलं आहे). आणि ज्याला कशातच जागा मिळाली नाही तो शेवटचा रस खाचाखोचांत काच होऊन बसतो.

हा क्रम प्रयोगशाळेत मांडला कॅनडात जन्मलेल्या नॉर्मन बोवेननं. वॉशिंग्टनच्या लॅबमध्ये तो सिलिकेटची पूड वितळवायचा, ठरावीक तापमानाला धरून ठेवायचा आणि मग एकदम गार करायचा, म्हणजे तोवर जेवढे स्फटिक झाले असतील तेवढे तसेच राहतात आणि उरलेल्या रसाची काच होते. अशी एकेक तापमानाची चव घेत त्यानं 1922 साली आपला क्रमाचा सिद्धांत मांडला. पण मला स्वतःला त्याहून जास्त ग्रेट वाटतं ते हवाईचं काम. तिथे 1959 मध्ये किलाउएआ इकी नावाच्या खड्ड्यात उद्रेक होऊन 100 मीटरहून खोल लाव्हाचं तळं साचलं, वर साय धरली, आणि 1960 पासून शास्त्रज्ञांनी त्या सायीवर उभं राहून ड्रिल करायला सुरुवात केली, खाली अजून रस होता तेव्हा! पुढे 1988 पर्यंत अधूनमधून बोअर घेत राहिले. खोलवरच्या गरम नमुन्यात काच जास्त आणि ऑलिव्हिनचे दाणे, जरा वरच्या थंड नमुन्यात पायरॉक्सीन, प्लॅजिओक्लेज, अजून वर काच जवळपास संपलेली. म्हणजे सगळे टप्पे एकाच वेळी एकाखाली एक रचलेले, आणि शेवटचा रस थिजायला 1,000 अंशांच्याही खाली यावं लागतं हे तिथल्या तळ्यांमधून कळलं.

सायीचाही एक हिशोब हवाईतच मोजलाय. 1 मीटर जाड व्हायला साधारण आठवडा लागतो, पण 10 मीटरला दहा आठवडे पुरत नाहीत, जवळजवळ दोन वर्षं लागतात, कारण जाडी दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो, दगडातून उष्णता फार हळू बाहेर पडते. म्हणून प्रवाहाच्या पृष्ठभागाला काचेची साल आणि पोटात डोळ्यांना दिसतील न दिसतील असे बारीक दाणे.

पण मग पेराएवढी काडी? ती प्रवाहात वाढलेलीच नाही. तुमचा दगड दोनदा निवलाय. जमिनीखाली खोल साठलेला शिलारस हळूहळू निवत असताना प्लॅजिओक्लेजच्या काड्या निवांत मोठ्या झाल्या, आणि त्या रसापेक्षा फारशा जड नसल्यामुळे तळाशी न बसता तरंगत राहिल्या. मग उद्रेक झाला, काड्यांसकट रस वर आला आणि उरलेला भाग भराभर थिजून काळा झाला. बरणीतलं रवाळ तूप ताटात ओतून फ्रीजमध्ये ठेवल्यासारखं. बहुतेक ठिकाणी रस आधी इतका थांबलाच नाही, म्हणून तिथे काड्या नाहीत. तुमच्या विहिरीच्या भिंतीत बऱ्याचशा काड्या एकाच बाजूला आडव्या झालेल्या दिसल्या तर समजा लाव्हा त्या रेषेत वाहत होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

आसपास कॉलेजात जिऑलॉजी डिपार्टमेंट असेल तर एक चकती कापून 0.03 मिलिमीटर पातळ घासून मायक्रोस्कोपखाली दाखवा म्हणावं. काड्यांवर काळे-पांढरे पट्टे दिसतात झेब्र्यासारखे, आणि नशीब असेल तर आतून बाहेर कडी दिसतात, मध्ये कॅल्शियम जास्त, कडेला सोडियम जास्त, रस बदलत गेला तशी काडी बदलत गेली. एकदा बघितलं की विसरत नाही माणूस.

प्रश्न (अंधेरी, मुंबई): आमच्या इथल्या गिल्बर्ट हिल टेकडीचे उभे दगडी खांब म्हणजे अवाढव्य स्फटिकच ना?

उत्तर: नाही हो, दिसतात तसे पण ते स्फटिक नाहीत. आधीच घट्ट झालेला दगड आणखी निवताना आकसला आणि उभ्या भेगा पडल्या, आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा. एकेका खांबात कोट्यवधी बारीक स्फटिक असतात.

प्रश्न (वाघोली, पुणे): खाणीतल्या दगडाच्या पोकळीत निळे, पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. हेपण लाव्हातूनच झाले का?

उत्तर: पोकळी लाव्हातली, स्फटिक मात्र नंतरचे. वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे दगड पार घट्ट झाल्यावर, खूप कमी तापमानाला, फटींतून फिरणाऱ्या पाण्यानं त्याच दगडातली द्रव्यं विरघळवून पोकळ्यांत आणून बसवली. गुलाबी-पिवळसर पेंढीसारखं बहुधा स्टिल्बाइट, काचेसारखं चौकोनी टोकाचं अपोफायलाइट, पांढऱ्या सुयांचं स्कोलेसाइट. निळ्या गोळीसारखं असेल तर ते कॅव्हन्साइट, त्यात व्हॅनेडियम आहे, आणि त्याचे जगातले सगळ्यात देखणे नमुने तुमच्या वाघोलीचेच. हे धुताना ॲसिड अजिबात नको आणि गॅसवर तर चुकूनही तापवू नका, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट मंडळी आत पाणी धरून बसलेली असतात. 1756 मध्ये क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असा दगड तापवला तर तो चक्क उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्यानं नावच उकळणारा दगड अशा अर्थाचं झिओलाइट ठेवलं. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस.