डस्ट कलेक्टर आलाय, आता हवेची वाट नीट करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नाशिकला बंगल्याचं 10 बाय 16 फुटांचं गॅरेज, त्यात 10 इंची टेबल सॉ, 12 इंची थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणारं रंध्याचं मशीन), राउटर टेबल (खाचा आणि कडा कोरायचं) आणि हातातला ऑर्बिटल सँडर. 2 एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर घेऊन झालाय. आता तो कुठल्या कोपऱ्यात ठेवू, 4 इंची पाइप पुरेल का, पुढे सायक्लोन (हवा गोल फिरवून ढलप्या आधीच खाली पाडणारं भांडं) लावू का. गॅरेजमागे तीन फुटांची मार्जिन आहे आणि पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर.

मी 14 वर्षं पुण्यात घरच्या शेडमध्ये फर्निचर करतोय. पहिली 6 वर्षं माझ्याकडे फक्त शॉप व्हॅक्यूम होता. तो ढलप्या उचलायचा, फरशी स्वच्छ दिसायची आणि मला वाटायचं, काम झालं. रविवारी शिसम कापला की सोमवारी नाक चोंदलेलं आणि रात्री कोरडा खोकला, हे मी हवेवर ढकलत राहिलो. एका संध्याकाळी काम संपल्यावर वीज गेली. हत्यारं आवरायला टॉर्च लावला, तर त्या झोतात धूळ दाट तरंगत होती. सॉ बंद करून पाऊण तास झाला होता. त्या दिवशी कळलं की फरशीवर पडतो तो भुसा झाडूनही जातो. पकडायची ती न दिसणारी धूळ. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी याच एका मुद्द्यावरून देणार आहे.

2.5 मायक्रॉनचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण तिसावा भाग. स्तब्ध हवेतसुद्धा दीड मीटर खाली यायला त्याला दोन तासांहून जास्त लागतात, आणि छताचा पंखा चालू असेल तर तो बसतच नाही. नाकातले केस त्याला अडवत नाहीत, तो थेट फुप्फुसात जातो. जरा मोठे कण नाकातच साचतात आणि तेही निरुपद्रवी नाहीत. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतल्या एका दुर्मीळ कर्करोगाचं प्रमाण फार जास्त असल्याचं 1960 च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते असं ठरलेल्या गोष्टींत टाकली. ते कामगार वर्षानुवर्षं दिवसभर धुळीत असत, आपण शनिवार-रविवारवाले. घाबरून छंद सोडू नका. पण शिसमाने अंगाला खाज, सागाने शिंका, एमडीएफने (लाकडाच्या भुग्याच्या दाबलेल्या फळीने) घसा धरणं हे शनिवार-रविवारवाल्यांनाही होतं. एमडीएफची धूळ तर सगळ्यात बारीक, आणि वर त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद.

आता कलेक्टर कुठे ठेवायचा. माझं ठाम मत: कोणत्याच कोपऱ्यात नको, मागच्या मार्जिनमध्ये ठेवा. थंड देशातले लोक तो आत ठेवतात, कारण तापवलेली हवा बाहेर सोडणं त्यांना परवडत नाही. व्हिडिओ त्यांचे, म्हणून आपणही तसंच करतो. आपल्याकडे गॅरेज कोणी तापवत नाही. मशीनसोबत येणारी कापडी पिशवी बहुतेकदा 30 मायक्रॉनची असते. म्हणजे कलेक्टर आत असेल तर तो ढलप्या पकडतो आणि सगळ्यात घातक धूळ कापडातून गाळून तुमच्याच खोलीत परत सोडतो. बाहेर ठेवला की ही अडचण मुळातच जाते.

फक्त पलीकडे स्वयंपाकघर आहे, त्यांच्या डाळीत आपला भुसा जाता कामा नये. म्हणून वरची पिशवी काढून 1 मायक्रॉनचा घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर बसवा. खर्च टोचेल, पण हा खर्च टाळू नका. कलेक्टरभोवती खोकं करा: पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना प्लाय, आवाज अडवायला आतून रॉकवूल, खाली विटांचा ओटा. फिल्टरमधून येणारी हवा बाहेर पडायला भरपूर मोठी वाट ठेवा आणि तिचं तोंड आपल्या घराच्या फाटकाकडे करा. पावसाळ्यात भुसा ओल धरतो, फिल्टरच्या घड्यांत चिकटतो आणि बुरशी येते. जून ते सप्टेंबर खालची पिशवी भरली नसली तरी दर आठवड्याला रिकामी करा.

पाइपाचं म्हणाल तर 4 इंची पुरणार नाही. अशा कलेक्टरच्या दाबाला 4 इंची नळीतून मिनिटाला साधारण 350 ते 400 घनफूट हवा जाते, मोटर मोठी लावली तरी फार फरक पडत नाही. टेबल सॉची बारीक धूळ खरोखर धरायची तर 700-800 च्या आसपास जायला हवं. नळीचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं: 4 चा 16, 6 चा 36, म्हणजे सव्वादोन पट. खोक्यावरचा सीएफएमचा (मिनिटाला किती घनफूट हवा) आकडा पिशवी आणि पाइप न लावता मोजलेला असतो, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या थोडं वर धरा. म्हणूनच जी हवा मिळतेय ती वाटेत गमावायची नाही. कलेक्टरच्या तोंडाशी दोन 4 इंची फाट्यांचा तुकडा असतो, तो काढा. आत 5 किंवा 6 इंची तोंड सापडेल. तिथून ड्रेनेजचा 160 मिमी एसडब्ल्यूआर पाइप थेट मशीनपर्यंत न्या. मुख्य लाइन 160 आणि फांद्या 110 असं करू नका: एकच 110 ची फांदी उघडी असली की मोठ्या पाइपातला वेग पडतो आणि भुसा आडव्या भागात बसून राहतो.

फाट्याला टी नको, वाय घ्या, आणि वायचा तिरपा हात हवेच्या दिशेने जुळणारा हवा. काटकोनी वळणाच्या जागी 45 अंशांचे दोन बेंड, मध्ये वीतभर सरळ तुकडा. पाइपाचं सॉकेटमध्ये शिरणारं टोक हवेच्या दिशेने असू द्या, म्हणजे आत ढलप्या अडकायला कडा राहत नाही. सोल्यूशन लावू नका, रबर रिंगवर दाबून बसवा. दोन वर्षांत मशीनची जागा बदलावीशी वाटतेच. आत टोक निघेल असा स्क्रू कुठेही नको, थिकनेसरच्या लांब ढलप्या त्यालाच गुंफतात. लवचिक होज मशीनशी दोन-तीन फूट, त्याहून जास्त नको. तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपापेक्षा ती हवेला दुपटी-तिपटीने अडवते. नाशिकच्या कोरड्या थंडीत पाइपाला हात लागला की चटका बसेल, त्यासाठी होजमधली तार सोलून मशीनच्या अर्थ केलेल्या बॉडीला जोडा.

प्रत्येक फांदीची हवा बंद-चालू करणारं सरकतं गेट घरीच करा: 12 मिमी प्लायच्या दोन चौकटी, मध्ये ॲक्रिलिकची पट्टी. पट्टीची खाच खालून आरपार उघडी ठेवा, नाहीतर कोपऱ्यात भुसा ठासतो आणि महिन्याभरात गेट पूर्ण बंद होत नाही.

टेबल सॉची बहुतेकांची चूक एकच: खालून ओढतात आणि वरून काहीच नाही. पातं धूळ वर, तुमच्या तोंडाकडे फेकतं. 160 चा पाइप सॉपाशी आणून तिथेच दोन वाटा करा, दोन्ही एकदम उघड्या राहणाऱ्या, 110 ची खाली कॅबिनेटला आणि 75 ची वर पात्यावरच्या गार्डला. माझ्याकडे सगळ्यात मोठा फरक या वरच्या गार्डने पडला, मोटरने नाही. राउटर टेबललाही तसंच, फेन्समागे (लाकूड टेकवायच्या पट्टीमागे) एक आणि राउटरभोवती खोकं करून एक. थिकनेसर सोपा आहे, तो स्वतःच ढलप्या बाहेर फेकतो. फक्त पिशवी दहा मिनिटांत भरते.

सँडर मात्र कलेक्टरला जोडू नका. कलेक्टर हवा भरपूर ओढतो, पण त्याचा दाब कमी, सँडरच्या बारीक नळीतून तो काहीच ओढू शकत नाही. तिथे हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम आणि जाळीचा घासकागद. सँडिंग करताना मास्क तरीही हवाच, एन95 किंवा त्याहून चांगला, आणि दाढी असेल तर तो कडेला नीट बसत नाही हे लक्षात असू द्या.

सायक्लोन आत्ता नको. 4 इंची तोंडाचे छोटे सायक्लोन मिळतात, ते तुमच्या 6 इंची पाइपाचा गळा आवळतील. घड्यांच्या फिल्टरमध्ये ढलप्या अडकू नयेत म्हणून कलेक्टरच्याच मधल्या कड्यात थीन बॅफल बसवा: प्लायची एक गोल तबकडी, कडेला 240 अंशांची, इंचाहून किंचित रुंद फट. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

विजेसाठी स्वतंत्र लाइन घ्या: 2.5 चौरस मिमी तांबं, 20 अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा), 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू नये म्हणून गळती होताच वीज तोडणारा). सॉ आणि कलेक्टर एकदम चालणार, म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या घरात. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे तो पाहून घ्या. ग्राइंडर या पाइपाला कधीही जोडू नका, ठिणगी भुशात तासन्‌तास धुमसते. अळशीच्या तेलाची चिंधीही त्या पिशवीत टाकू नका, ती आपोआप पेट घेते. जुनं लाकूड कापताना आधी खिळे शोधा.

आणि एक गोष्ट पाइप आणायच्या आधी कळवा. मिनिटाला 700 घनफूट हवा बाहेर गेली तर 10 बाय 16 बाय 9 फुटांची तुमची खोली दोन मिनिटांत एकदा पूर्ण रिकामी होते. तेवढी हवा कुठून तरी आत येणार. शटर अर्धं वर असेल तर ती तिथून येते. पण आवाज शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून तुम्ही शटर पूर्ण खाली घेतलंत, तर कलेक्टर दाराच्या फटींतून, शेजारच्या खोल्यांतून हवा खेचतो. गॅरेजला लागून बाथरूम असेल आणि तिथे गॅस गिझर असेल, तर त्याचा धूर बाहेर न जाता उलटा घरात ओढला जाईल आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो. तुमचा गिझर गॅसचा आहे का, आणि कुठे आहे?