४२चे टायर, कुरूप सायकल आणि २००ची बीआरएम

तुझा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या हायब्रिडला (रोडबाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल) तू ड्रॉप हँडल, मडगार्ड, डायनमो आणि दूधवाल्याच्या सायकलचं कॅरिअर बसवलंस. टायर मात्र सायकलबरोबर आलेले ७००×४२चेच, म्हणजे ४२ मिलिमीटर रुंदीचेच ठेवलेस. रविवारच्या राइडला मंडळी तिला ‘भंगार’ म्हणतात. वर सांगतात, एवढ्या जाड टायरवर २०० किमीची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) व्हायची नाही, २५च्या टायरवाली रोडबाइक घे. घ्यावी का?

या कारणासाठी तरी नको. मंडळी सगळंच चुकीचं बोलत नाहीयेत, तुझी सायकल हळू असणार. पण दोष जाडीचा नाही.

आधी कुरूपपणाचं उरकतो. माझ्या सायकलला घरात ‘म्हैस’ म्हणतात. स्टेम (हँडल धरणारा तुकडा) उलटा, मडगार्डच्या टोकाला तेलाच्या कॅनचा तुकडा रिव्हेट मारून लावलेला, हँडलला डावीकडे काळी टेप आणि उजवीकडे निळी, कारण दुकानात काळी संपली होती. ग्रॅम ओब्री या स्कॉटिश माणसाची ‘ओल्ड फेथफुल’ तर याहून विचित्र होती. गुडघे आत घेऊन पेडल मारता यावं म्हणून त्याने ती स्वतःच्या हाताने बनवली आणि तिच्यात वॉशिंग मशीनची बेअरिंग घातली. जुलै १९९३मध्ये नॉर्वेतल्या हामारला तो तासाच्या विक्रमासाठी, म्हणजे एका तासात सगळ्यात जास्त अंतर कापायला उतरला, तेव्हा पहिला प्रयत्न तिच्या नीटनेटक्या नकलेवर केला. तो फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मूळ सायकल काढली आणि ५१.५९६ किमी मारले. इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरचा ५१.१५१चा विक्रम नऊ वर्षं टिकला होता, तो गेला. ओब्रीचे टायर मात्र बारीक होते आणि तिथे तेच बरोबर होतं. इनडोअर ट्रॅकच्या लाकडी फळ्या, एकही खड्डा नाही. आपण सातारा रोडने जातो.

आता जाडी. घरी एक प्रयोग कर. टायरला ओला गेरू लाव, खाली वर्तमानपत्र टाक, कुणाला तरी सायकल धरायला सांग आणि वर बस. मागच्या चाकावर ५० किलो भार आणि टायरमध्ये ६० पीएसआय दाबाची हवा असेल, तर ठसा साधारण १२ चौरस सेंटिमीटरचा उमटेल. टायर २५चा असो की ४२चा, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, कारण ते भार आणि हवेवर ठरतं. फरक पडतो आकारात. बारीक टायरचा ठसा लांबट, भेंडीसारखा. जाड टायरचा आखूड आणि रुंद, पेढ्यासारखा. लांब ठसा म्हणजे टायर जास्त दबला, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) जास्त वाकली. प्रत्येक फेऱ्यात रबर वाकतं आणि सरळ होतं, त्यात जी शक्ती उष्णता होऊन जाते तोच रोलिंग रेझिस्टन्सचा, म्हणजे चाक गडगडताना होणाऱ्या विरोधाचा मोठा भाग. म्हणजे हवेचा दाब सारखा असेल तर उलट जाड टायर हलका पळतो. अर्थात बारीक टायरमध्ये आपण हवा जास्त भरतो, त्यामुळे गुळगुळीत रस्त्यावर हिशेब बराचसा बरोबरीत सुटतो.

खडबडीत रस्त्यावर मात्र सुटत नाही. प्रयोगशाळेत टायर पोलादी ड्रमवर फिरवतात. तिथे हवा जितकी जास्त तितका आकडा चांगला येतो, कारण ड्रमवर माणूस बसलेला नसतो. रस्त्यावर टणक फुगवलेला टायर प्रत्येक खडीवर तुला वर उचलतो आणि ती ऊर्जा तुझ्या मांड्यांत, पोटात, खांद्यांत जिरते. सायकलींवर त्रैमासिक काढणाऱ्या सिएटलच्या यान हायनने हायवेच्या कडेच्या रम्बल स्ट्रिपवर (गाडी थरथरावी म्हणून केलेल्या खाचांच्या पट्टीवर) सायकल चालवून हेच मोजलं. गंमत म्हणजे अंगाला जी बारीक थरथर जाणवते, तिलाच आपलं डोकं ‘वेग’ समजतं. जाड टायरवर ती थरथर नसते, म्हणून सायकल आळशी वाटते. घड्याळ बघ, वाटण्यावर जाऊ नकोस.

मी स्वतः २३च्या टायरवर ११० पीएसआय भरून हिंडायचो. खंबाटकीच्या उतारावर एका सकाळी ट्यूबला दोन वेळा साप चावल्यासारखी जोडभोकं पडली आणि स्पेअर संपली. त्यानंतर जुन्या कात्रज घाटात दोन व्हीलसेट, म्हणजे टायरसकट चाकांच्या दोन जोड्या घेऊन गेलो. एकच सायकल, एकच कपडे, वजन सारखं राहावं म्हणून पाण्याच्या बाटल्यांनी भर घातली, आणि पेडल न मारता त्याच दगडापासून सोडून दिली. उखडलेल्या डांबरावर ३५चा मऊ टायर दर वेळी पुढे गेला. नव्या डांबरावर मला फरक सांगता आला नाही.

मग वाऱ्याचं काय? २५ऐवजी ४० घेतलास तर समोरून १५ मिलिमीटर रुंदी वाढते. चाकाची उंची ७० सेंटिमीटर धरली तर शंभर चौरस सेंटिमीटर. तू आणि सायकल मिळून समोरून पाच हजार तरी भरता. दोन टक्के झाले. तुझं फडफडणारं विंडचीटर याहून जास्त खातं. ताशी चाळीसने एकटा जाणाऱ्याने हे दोन टक्के जरूर मोजावेत. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्याही किंचित खाली. वजनाचंही तसंच. टायर तीनशे ग्रॅम जड असले तरी तू, सायकल, सामान मिळून ९५ किलो असाल, तर वीस मिनिटांच्या चढाला चार सेकंद जातील. चहाच्या टपरीवर सुट्ट्या पैशांसाठी याहून जास्त थांबतोस.

आता तुझा खरा आजार. हायब्रिडबरोबर येणारे टायर बहुतेक वेळा काठात तार असलेले, जाड धाग्याचे आणि नक्षीदार असतात. हवा काढ आणि साइडवॉल चिमटीत धर. वाळल्या भाकरीसारखी ताठ लागली तर वेग तिथे जातोय. चांगल्या टायरची साइडवॉल घडीच्या पोळीसारखी दुमडते. हाच टायर कंपनीने २८मध्ये दिला असता तरी तो असाच रडला असता, फक्त ढुंगणही दुखलं असतं. म्हणून ३५ किंवा ३८चा फोल्डिंग (बिनतारेचा, घडी होणारा), गुळगुळीत टायर घे. ४२ आणि मडगार्ड बसतंय म्हणजे फोर्कमध्ये जागा आहेच. तरी बाजूला चार-पाच मिलिमीटर सुटतात का बघ, पावसात चिखल अडकतो.

हवा अंगठ्याने दाबून ठरवू नकोस, गेज वापर. तू ७८ किलो लिहिलंयस, तर ३५ला मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआयपासून सुरुवात कर. खड्ड्यात रिम आपटली तर पाच वाढव, हात बधिर झाले तर पाच कमी कर.

टायर काढशील तेव्हा रिमच्या आतली, स्पोकची भोकं झाकणारी रिम-टेपही बघ. जुन्या सायकलींत ती सरकून स्पोकची भोकं उघडी पडतात, ट्यूब आतल्या बाजूने फाटते आणि आपण रस्त्यावर काचा शोधत बसतो. पंक्चर ट्यूबच्या व्हॉल्व्हकडच्या अंगाला असेल तर तीच गडबड समज. डायनमो काढू नकोस, नोव्हेंबरात अंधार लवकर पडतो.