तासांतले अंदाज चुकतात, मग स्टोरी पॉइंट घ्यावेत का?

तुमची सहा जणांची टीम तासांत एस्टिमेट देते आणि दर स्प्रिंटला (साधारण दोन आठवड्यांच्या ठरलेल्या टप्प्याला) काम उरतं. म्हणून स्टोरी पॉइंट (प्रत्येक 'स्टोरी'ला, म्हणजे एकेका कामाला, आकारानुसार दिलेला आकडा) घ्यावेत, टी-शर्ट साइझ (S, M, L) घ्याव्यात की एस्टिमेट देणंच बंद करावं, असा तुमचा प्रश्न आहे.

नुसतं माप बदलून काही होणार नाही. मी तासही दिलेत आणि पॉइंटही. चुकायचं ते दोन्हीकडे चुकलं. तास देताना आपण दिवसभर कुणी हाक मारणार नाही असं धरतो. मीटिंगा, कोड रिव्ह्यू, मध्येच उपटलेला प्रॉडक्शनचा बग यांना त्यात जागाच नसते. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीच्या सुरुवातीच्या टीम 'आदर्श दिवस' (मध्ये काहीच आड आलं नाही तर लागतील तेवढे) मोजायच्या आणि प्रत्यक्षात साधारण तिप्पट दिवस लागायचे. तीन दिवसांच्या कामाला नऊ का लागतात, हे वरच्यांना समजावता समजावता थकले आणि मग दिवसांना 'पॉइंट' म्हणू लागले. ही हकीकत त्यांच्यातल्याच रॉन जेफ्रीज यांनी लिहून ठेवली आहे. पॉइंट कदाचित मीच शोधले असतील, तसं असेल तर आता वाईट वाटतं, असंही ते म्हणतात!

तरी प्लॅनिंग पोकर मी सोडणार नाही. जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडलेली ही पद्धत: सगळ्यांनी आकडा मनात ठरवून पत्ते एकदम उघडायचे. एकदम का, तर सीनियर आधी 'तीन' म्हणाला की बाकीचे चार-पाचच्या पुढे जात नाहीत. एकदा रिपोर्टमध्ये तारखेचा फिल्टर टाकायचा होता. पाच जणांचे पत्ते 3 चे, टेस्टरचा 13 चा. तिला विचारलं तर म्हणाली, सर्व्हर एका टाइमझोनमध्ये आणि वापरणारे चार टाइमझोनमध्ये, 'आज' म्हणजे कुणाचा आज? आम्ही गप्प. शेवटी कोणता आकडा लिहिला ते आठवतही नाही, पण त्या दहा मिनिटांनी पुढचा आठवडा वाचला. सगळ्यांचे पत्ते जुळले तर चर्चा न करता पुढे जा.

त्याच टीममध्ये पुढे मॅनेजरने व्हेलॉसिटी (दर स्प्रिंटला पूर्ण होणारे पॉइंट) वाढवायचं टार्गेट दिलं. वाढली की! कालपर्यंत 3 ची असलेली कामं 5 ची झाली, रिलीझ मात्र तेवढंच. पॉइंटचे तास करून कुणी एक्सेलमध्ये भरायला लागलं तरी हीच गत.

टी-शर्ट साइझ तिमाहीचा ढोबळ अंदाज घ्यायला बऱ्या, स्प्रिंटसाठी फार जाड्याभरड्या.

तारखेसाठी मी आता नुसत्या स्टोरी मोजतो. मागच्या आठ-दहा स्प्रिंटमध्ये किती पूर्ण झाल्या ते बघायचं. समजा सर्वात वाईट स्प्रिंटला 5 आणि सर्वात चांगल्या स्प्रिंटला 9 झाल्या, आणि 45 उरल्यात. मग उत्तर '5 ते 9 स्प्रिंट'. एकच तारीख मागणाऱ्याला हे आवडत नाही, पण निदान ते खरं असतं. हेच आकडे मॉन्टे कार्लोत (जुने आकडे हजारो वेळा यदृच्छया उचलून पुढचं आजमावणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) घातले तर अमुक तारखेपर्यंत काम होण्याची शक्यता किती टक्के, तेही कळतं. अट एकच: तीन-चार दिवसांपेक्षा मोठी वाटणारी स्टोरी आधी फोडायची. आणि टीममधली माणसं बदलली की जुने आकडे फारसे कामाचे राहत नाहीत.

'नो एस्टिमेट्स'वाले, म्हणजे एस्टिमेट देणंच बंद करा म्हणणारे, जवळपास हेच सांगतात, फक्त भांडून सांगतात.

तुमच्याकडे जुन्या स्प्रिंटचा डेटा असेलच. तासांचा कॉलम झाका आणि पूर्ण झालेल्या स्टोरी मोजून बघा.