पशुवैद्यकांच्या राज्य संघटनेचं अध्यक्षपद : उभं राहावं का?

तुमचा प्रश्न असा आहे की बारा वर्षं खासगी प्रॅक्टिस केल्यावर आता राज्य संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तुमचं नाव पुढे केलं जातंय, तर उभं राहावं का आणि तिथे नेमकं काम काय असतं. मी महाराष्ट्रात तीन वर्षांची एक मुदत हे पद सांभाळलंय. संघटनेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यातलं बरंचसं आमच्याच मंडळींबद्दल आहे.

उभे राहा. मात्र माझी झाली तशी गफलत करून घेऊ नका. मला वाटायचं, अध्यक्ष म्हणजे मंत्रालयात निवेदनं द्यायची, हार घ्यायचे, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जागतिक पशुवैद्यक दिनाला भाषण करायचं. हे सगळं असतं, पण त्याला वेळ फार लागत नाही. बाकीचा सगळा वेळ आपल्याच सभासदांना 'नाही' म्हणण्यात जातो.

पहिले आठ महिने मात्र मी एकच काम केलं, आणि त्यात पशुवैद्यक असण्याचा काडीचा उपयोग झाला नाही. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आमच्या आधीच्या दोन कार्यकारिण्यांचे अर्ज गेलेच नव्हते. कागदोपत्री अध्यक्ष कोण, तर एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना आपण अजून अध्यक्ष आहोत याचा पत्ताच नव्हता. बँक सह्या बदलून देईना. वर्गणीचे पैसे खात्यात आणि मी स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढतोय, असा प्रकार. फॉर्म भरण्याआधी शेवटचा लेखापरीक्षण अहवाल, सभासदांची यादी आणि बदल अर्जाची पोच, हे तीन कागद मागा. पोच सापडत नसेल तर काय वाढून ठेवलंय ते समजून जा.

आता सभासदांकडे येतो. आपण सगळे एकच पदवी घेऊन बाहेर पडतो, म्हणून आपण एक आहोत असं वाटतं. पहिल्याच सर्वसाधारण सभेत माझा हा भ्रम गेला. सरकारी दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी उठला आणि म्हणाला, व्यवसायरोध भत्त्याचं काय? लगेच मागच्या रांगेतून एक खासगी डॉक्टर ओरडला, "भत्ता जरूर घ्या, पण मग संध्याकाळी पाचनंतर आमच्या गोठ्यांवर दिसू नका!" सभागृह हसलं, पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मिळणारा भत्ता एकाला हवा आहे आणि त्याच्या खासगी प्रॅक्टिसमुळे दुसऱ्याच्या पोटावर पाय येतोय. दोघांनीही वर्गणी भरलेली. शहरात कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक चालवणाऱ्याला या दोघांशीही देणंघेणं नाही. पोल्ट्रीतला माणूस सभेला येतच नाही. आणि इंटर्नशिप करणारी पोरं बाहेर विद्यावेतनासाठी घोषणा देत उभी.

मग प्रत्येक गट आपापलं निवेदन घेऊन परस्पर जातो. एकदा मी मंत्रालयात एका अधिकाऱ्यांसमोर बसलो होतो. त्यांनी माझं पत्र वाचलं, ड्रॉवर उघडला आणि त्याच आठवड्यात आलेली आणखी दोन पत्रं टेबलावर ठेवली. दोन्ही पशुवैद्यकांचीच, आणि एकातली मागणी माझ्या मागणीच्या थेट उलट. "डॉक्टर, तुमच्या नक्की संघटना किती?" त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं. चहा आला होता, तो मी मुकाट्याने प्यायलो.

सगळ्यात कठीण काळ होता २०२२ चा. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणारा साथीचा त्वचारोग, दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. बाजार बंद, जनावरांची वाहतूक बंद, लसीकरणाला माणसं अपुरी. लम्पीची वेगळी लस हाताशी नव्हती, शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना कातडीखाली टोचत होतो. नेमक्या त्याच वेळी आमच्यातल्या एका गटाला असहकार पुकारायचा होता. विषय जुनाच, कलम ३० चा. तुम्हाला माहीत आहेच, पण इतर वाचकांसाठी सांगतो : भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कुणालाही हा व्यवसाय करता येत नाही. मात्र राज्य शासन आदेश काढून पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांना किरकोळ सेवा देऊ देतं, तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. या 'किरकोळ' शब्दावरून पदवीधर आणि पदविकाधारक किती वर्षं भांडताहेत ते विचारू नका. आमच्या गटाचं म्हणणं, सरकार आत्ता अडचणीत आहे, आत्ताच नाक दाबायचं.

मागणी मला मान्य होती, आजही आहे. पण मी नाही म्हणालो. त्यामागे काही फार थोर विचार नव्हता. त्या दिवशी सकाळी मी एका बैलाच्या अंगावरच्या गाठी धूत होतो. मानेपासून मांडीपर्यंत गाठी, पुढचे पाय सुजलेले, त्याला खाली बसता येईना. मालक शेजारी बादली धरून उभा. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की उद्यापासून आमचं कलम ३० आहे? संध्याकाळच्या ऑनलाइन बैठकीत मतदान झालं, चार मतांनी असहकार फेटाळला गेला, आणि माझ्या वर्गातल्या दोन मित्रांनी राजीनामे दिले. त्यातला एक अजून बोलत नाही.

त्या दोन महिन्यांत संघटनेने जे केलं ते कुठल्याही इतिवृत्तात धड लिहिलेलं नाही. लस मिळत होती, पण एका जनावराला एकच सुई वापरायची तर तितक्या सुया काही सभासदांकडे नव्हत्या. आमच्या खजिनदारबाईंनी तीन रात्री फोन करून सुया गोळा केल्या आणि एसटीच्या पार्सलने धाडल्या. दुसरं म्हणजे लम्पी माणसाला होत नाही, दूध उकळून प्यायला हरकत नाही, एवढं एक साधं पत्रक स्थानिक वर्तमानपत्रांना दिलं. दुधाबद्दल लोक घाबरले होते. माझ्या तीन वर्षांतलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं लिखाण बहुधा तेच असावं.

आणखी एक 'नाही' सांगतो, कारण ते तुमच्याही वाट्याला येणारच. एका सभासदाविरुद्ध पशुपालकाने तक्रार केली. म्हैस अडली होती, गर्भाशयाला पीळ होता, डॉक्टरांनी तो ओळखायला उशीर केला, म्हैस गेली. सभासदाची अपेक्षा अशी की संघटनेने पत्र द्यावं, 'उपचार योग्यच होते.' संघटना आणि परिषद यांतला फरक आपल्यातल्याच कितीतरी जणांना कळत नाही. नागपूरची राज्य पशुवैद्यक परिषद कायद्याने स्थापन झालेली, नोंदणीपुस्तक तिच्याकडे, व्यावसायिक वर्तनाच्या तक्रारीही तिच्याकडे. आपण वर्गणीवर चालणारी मंडळी. मी म्हणालो, वकील शोधून देतो, केसपेपर नीट लावायला मदत करतो, सुनावणीला सोबत येतो, पण जी म्हैस मी पाहिली नाही तिच्याबद्दल प्रमाणपत्र देणार नाही. "मग वर्गणी कशाला भरायची?" असं तो म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. तरी ते पत्र दिलं नाही याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते ब्रुसेलाचं, म्हणजे जनावरांचा गर्भपात घडवणाऱ्या आणि त्यांच्याकडून माणसालाही होणाऱ्या आजाराचं. अडकलेली वार हाताने काढताना, गर्भपात झालेल्या गाईला हात घालताना आपल्यातले किती जण हातमोजे वापरतात? कालवडींना टोचायची ब्रुसेलाची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते, ती स्वतःच्याच बोटात टोचून घेतलेले सभासद मला माहीत आहेत. आमचा एक सहकारी कित्येक महिने संध्याकाळच्या तापाने आणि सांधेदुखीने हैराण होता. टायफॉइडची औषधं चालू होती. शेवटी एका डॉक्टरने विचारलं, "तुम्ही काम काय करता?" तेव्हा कुठे ब्रुसेलासाठी रक्त तपासलं गेलं. मला सगळ्या सभासदांची दरवर्षी अशी तपासणी सुरू करायची होती. प्रत्येक बैठकीत विषयपत्रिकेवर शेवटचा विषय म्हणून ती यायची आणि भत्ता-पदोन्नतीवर बोलता बोलता जेवणाची वेळ व्हायची. तिथे मी अडून बसायला हवं होतं. तुम्ही उभे राहिलात तर हा विषय पहिला घ्या, जेवणाच्या खूप आधी.

घरचं आणि प्रॅक्टिसचं गणितही मांडून ठेवा. महिन्यातले सहा-सात दिवस प्रवासात जातात आणि गाय काही तुमची बैठक संपायची वाट पाहत अडून राहत नाही. माझे बरेच पशुपालक या तीन वर्षांत शेजारच्या एका तरुण डॉक्टरकडे गेले. मुलाचा हात चांगला आहे, मला तक्रार नाही. त्याला मी सभासदत्वाचा फॉर्म दोनदा दिलाय. दोन्ही वेळा त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "सर, पण संघटना करते काय?"