शिक्का तेरा वर्षांचा, मुलगी आठची: साय-फाय सिनेमा दाखवावा का?

तुमची मुलगी आठ वर्षांची, साय-फाय सिनेमावर 'तेरा वर्षांवरच्यांसाठी' असा शिक्का, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो आधीच पाहून टाकलाय. तिला तो दाखवावा का, असं तुम्ही विचारलंय. सिनेमाचं नाव तुम्ही दिलं नाहीत, त्यामुळे मी स्वतः कसं ठरवते तेच सांगते.

शिक्का बघाच, पण मारामारी आणि शिव्यांपलीकडचं त्यातून फारसं कळत नाही. आपणही राक्षस किती नि रक्त किती एवढंच बघतो. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी यंत्रमानवांची अख्खी लढाई मांडी घालून, मजेत पाहिली. तोच 'ई.टी.' (१९८२) बघताना सोफ्यामागे गेला. परग्रहावरचा तो जीव ओढ्याकाठी पांढराफटक पडलेला असतो, आणि मग अंतराळवीरासारखे पोशाख घातलेली माणसं थेट घरात शिरतात. लढाई कुठेतरी लांब चाललेली होती. इथे घरच सुरक्षित राहिलं नाही.

ओळखीचं माणूस अनोळखी होणं हीसुद्धा लहानग्यांची मोठी भीती. अमेरिकेतल्या संशोधक जोआन कँटर यांनी १९८०च्या दशकात 'हल्क' मालिकेचा अभ्यास केला होता. हल्क खरं तर चांगल्यांच्या बाजूचा, पण बालवाडीच्या वयाची मुलं घाबरायची ती साधा माणूस हिरवा राक्षस होतो त्या क्षणाला. या वयात 'अगं, हे खोटं आहे' म्हणून काही होत नाही, जवळ घ्यावं लागतं. मोठी मुलं दिसण्यापेक्षा 'असं खरंच झालं तर?' याला घाबरतात. आठ वर्षं म्हणजे अधलंमधलं वय, दोन्हीकडून सांभाळावं लागतं.

'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) एकही राक्षस नाही, लहान मुलीला पृथ्वीवर ठेवून अंतराळात गेलेला बाप आहे. पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, हे गणित माझ्या दहा वर्षांच्या भाचीला पटकन कळलं. मग ती एकदम गप्प झाली. ‘म्हणजे बाबा परत आले तरी ती मोठीच झालेली असणार?’ त्या रात्री ती आईजवळ झोपली. तरीही तो सिनेमा दाखवल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण आठव्या वर्षी मी थांबले असते.

आणि आवाज! पोरं डोळे मिटतात, कान उघडेच राहतात. थिएटरमध्ये तो कमी करता येत नाही, म्हणून पहिल्यांदा घरीच, दिवसाउजेडी बघा.

त्याआधी तुम्ही एकट्याने बघून घ्या. सगळा जमला नाही तर निदान शेवटची वीस मिनिटं. आई, बाबा किंवा घर यांपैकी काही कायमचं जातं का, तेवढं तपासा. जात असेल तर वर्ष-दोन वर्षं थांबा. नसेल तर रिमोट तिच्याच हातात द्या आणि तिने मध्येच बंद केला तर ‘अगं, पुढे मजा आहे’ म्हणू नका.