ऑटोकॅडची नवी आवृत्ती : जुन्यावर चढवावी की कोरी बसवावी?

प्रश्न : सांगलीत आमचे स्थापत्य आराखड्यांचे छोटे कार्यालय आहे. सध्या आम्ही नकाशे काढण्यासाठी ऑटोकॅड २०२२ हे सॉफ्टवेअर वापरतो आणि वर्गणीत आता २०२५ घेता येत आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे, की आहे त्यावरच अपग्रेड करावे, म्हणजे सेटिंग्ज तशाच राहतील. दुसऱ्याचे म्हणणे असे, की दोन संगणकांवर ऑटोकॅड फार अडकत असल्यामुळे सर्व काढून, विंडोज फॉरमॅट करून नव्याने बसवावे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : ऑटोकॅडच्या बाबतीत पहिला पर्याय प्रत्यक्षात नसतोच. २०२५.१ सारखी किरकोळ सुधारणा आहे त्याच आवृत्तीवर चढते. वार्षिक आवृत्ती मात्र जुनीला हात न लावता तिच्या शेजारी स्वतंत्रपणे बसते आणि २०२२ व २०२५ एकाच संगणकावर सुखाने चालतात. त्यामुळे तुम्हाला खरा निर्णय घ्यायचा आहे तो जुन्या सेटिंग्जपैकी काय सोबत न्यायचे याचा. नवी आवृत्ती प्रथम उघडल्यावर जुन्या सेटिंग्ज आणण्याची सोय पुढे करते. ती सोय नाकारावी आणि हव्या त्या फाइल्स निवडून हाताने न्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. याला अर्धा दिवस लागतो, पण वर्षानुवर्षे साचलेला गाळ मागे राहतो.

मात्र त्याआधी अडकण्याचे कारण शोधा, कारण ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नसून नकाशाच्या फाइलमध्ये असते. जी फाइल अडकते तीच दुसऱ्या, व्यवस्थित चालणाऱ्या संगणकावर उघडून पाहा. तिथेही ती अडकली, तर फॉरमॅट करून काहीही साधणार नाही. साध्या बंगल्याचा नकाशा ३०-४० एमबीचा झाला असेल, तर एका नकाशातून दुसऱ्यात चिकटवताना आलेली अनावश्यक नोंदणी, शेकडो स्केल आणि एकावर एक पडलेल्या रेघा त्यात भरलेल्या असतात. आधी फाइलमधील चुका दुरुस्त करणारी ‘ऑडिट’ आज्ञा चालवा, मग न वापरलेल्या गोष्टी काढून टाकणारी ‘पर्ज’ द्या. त्यातही आज्ञेआधी आडवी रेघ देऊन ‘रेगअ‍ॅप्स’ हा वरील अनावश्यक नोंदणी काढणारा पर्याय वेगळा निवडा, आणि शेवटी ‘ओव्हरकिल’ने दुहेरी रेघा काढा. उलट, दुसऱ्या संगणकावर फाइल नीट चालली, तर ‘ग्राफिक्सकॉन्फिग’ आज्ञेतून हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (रेखाटनाचे काम ग्राफिक्स कार्डकडे देण्याची सोय) तात्पुरते बंद करून पाहा; तेवढ्याने फरक पडला, तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा समजावा.

आता हाताने न्यायच्या गोष्टींकडे वळू. सर्वांत आधी प्रिंटच्या पेनजाडीच्या सीटीबी फाइल्स घ्या. तुमच्या कार्यालयात कापातली भिंत लाल रंगात काढून ती ०.५ मिमी जाडीने छापायची असे ठरलेले असेल, तर ते ठरवणारी फाइल नकाशात नसून त्या संगणकावर असते. ती न नेल्यास पडद्यावर नकाशा जसाच्या तसा दिसतो आणि छापताना मात्र भिंत, जिना व मापाच्या रेघा यांचा जाडीतला फरक नाहीसा होतो. बऱ्याचदा हे लक्षात येते तेव्हा नकाशाचे संच छापून झालेले असतात. ‘स्टाइल्समॅनेजर’ आज्ञा दिली की या फाइल्सचे फोल्डर थेट उघडते आणि ‘प्लॉटरमॅनेजर’ने प्लॉटरच्या पीसी३ फाइल्सचे. त्याबरोबर शीर्षकपट्टी असलेली टेम्प्लेट, स्वतःच्या लघुआज्ञांची पीजीपी फाइल, वेगळे हॅच (भराव्याचे नमुने) व रेषाप्रकार आणि ऑटोकॅडचे स्वतःचे एसएचएक्स फॉन्ट घ्यावेत. पीजीपी आणि मेनूच्या सीयूआयएक्स फाइल्स मात्र नव्या फाइल्सच्या जागी सरळ टाकू नयेत, कारण नव्या आवृत्तीतल्या आज्ञा त्यांत नसतात. आपल्या ओळी तेवढ्या नव्या फाइलमध्ये उतरवाव्यात. सेटिंग्जचा संच साठवणारी एआरजी प्रोफाइल फाइल तर नेऊच नये. त्यात जुन्या आवृत्तीच्या फोल्डरांचे पूर्ण पत्ते असतात. त्यामुळे २०२५ काही फाइल्स गुपचूप २०२२ च्या फोल्डरमधून वाचत राहते आणि पुढे ते फोल्डर पुसले, की अचानक चुका येऊ लागतात.

मराठी मजकुराची काळजी वेगळी घ्यावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीतला, नसतो. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट संगणकावर नसला, तर ग्रामपंचायतीला द्यायच्या नकाशावरील ‘मालकाचे नाव’ रोमन अक्षरांची निरर्थक माळ होऊन छापले जाते. म्हणून असे फॉन्ट आधी जपून ठेवा आणि नव्याने बसवताना ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय निवडा, कारण एकाच वापरकर्त्यापुरता बसवलेला फॉन्ट ऑटोकॅडच्या यादीत दिसत नसल्याच्या तक्रारी नेहमी येतात. नवे काम मात्र विंडोजसोबत येणाऱ्या निर्मला यूआय यांसारख्या युनिकोड फॉन्टमध्येच करावे, असा माझा आग्रह आहे.

लिस्प फाइल्स, म्हणजे ऑटोकॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम, तपासून न्याव्यात. प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आपण न ठेवलेली ‘अ‍ॅकॅडडॉक’ नावाची लिस्प फाइल सापडली, तर ती व्हायरस असण्याची दाट शक्यता आहे, कारण ऑटोकॅड ती आपोआप वाचते आणि अशा व्हायरसचा प्रसार याच मार्गाने होतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या प्रोग्रामिंग व्यवस्थेवर लिहिलेली जोडसॉफ्टवेअर २०२५ साठी बदलावी लागतात, कारण या आवृत्तीपासून ऑटोकॅडने डॉट नेट ८ स्वीकारले आहे. बांधकाम परवानगीचे नकाशे तयार करणारे प्रीडीसीआर किंवा तत्सम काही वापरत असाल, तर ते २०२५ वर चालते का, हे त्याच्या पुरवठादाराला विचारून होईपर्यंत २०२२ काढू नका. एकदा काढलेली जुनी आवृत्ती वर्गणीत पुन्हा उतरवून घेता येईलच असे नाही. नकाशांची चिंता नको. ऑटोकॅडच्या नकाशा-फाइलचा, म्हणजे डीडब्ल्यूजीचा, २०१८ चा साचा दोन्ही आवृत्त्यांत तोच आहे.

मग सर्व काढून नव्याने कधी बसवावे? बसवण्याची प्रक्रियाच अर्ध्यात तुटली असेल, परवाना सेवा सुरू होत नसेल किंवा दुरुस्तीचा पर्याय चालवूनही प्रोग्राम उघडत नसेल तेव्हा. त्याआधी स्टार्ट मेनूमधील ‘सेटिंग्ज मूळपदावर आणा’ ही सोय वापरून पाहा. पुसण्यापूर्वी जुन्या सेटिंग्जची प्रत ठेवायची का, तेही ती विचारते. आणि काढायचेच ठरले, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा : नुसते अनइन्स्टॉल केल्याने वापरकर्त्याच्या लपवलेल्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमधील ऑटोडेस्कच्या सेटिंग्ज आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्ज-कोठारातील) नोंदी जात नाहीत. त्या तशाच राहिल्या, तर नव्याने बसवलेले ऑटोकॅड पहिल्याच दिवशी जुना दोष दाखवते आणि लोक विनाकारण विंडोजला दोष देतात.

प्रश्न : माझ्याकडे ऑटोकॅडचा जुना, कायमस्वरूपी परवाना आहे. संगणक मंद झाला असून दुकानदार फॉरमॅट करायला सांगतो. करू का?

उत्तर : लगेच करू नका. ऑटोडेस्कने असे नवे परवाने विकणे २०१६ मध्येच थांबवले, त्यामुळे तुमच्याकडे आहे ते गेल्यास बाजारात पुन्हा विकत मिळणार नाही. फॉरमॅट केल्यावर परवाना पुन्हा सक्रिय करावा लागतो आणि फार जुन्या आवृत्त्यांसाठी ती सेवा मिळेलच याची खात्री धरता येत नाही. आधी सिरियल क्रमांक, प्रॉडक्ट की आणि मूळ सेटअप हाताशी आहेत का ते पाहा व तुमच्या आवृत्तीला सक्रियता मिळते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. दरम्यान दुकानदाराला नवी एसएसडी बसवून त्यावर आहे त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करायला सांगा. मंदपणा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असेल, तर तो तेवढ्यानेच जाईल. परवाना या नव्या डिस्कवर नीट उघडतो की नाही हे पाहून होईपर्यंत मूळ डिस्क पुसू नका.