शाळेत सरकार आलं आन् पोरगा कर्जबाजारी झाला

प्र. ताई नमस्कार. मुलगा सहावीत आहे, शाळा नागपुरातलीच, नाव नाही सांगत. यंदा शाळेने नवीनच काढलंय, आठवड्यातून दोनदा शेवटचे दोन तास मुलं आपलं "गाव" चालवतात. स्वतःच्या नोटा, बँक, दुकानं, महापौर, पोलीस, कोर्ट, सगळंच. आमच्या चिरंजीवांनी बँकेतून कर्ज काढून बुकमार्कचं दुकान टाकलं, पार्टनरशी भांडण झालं, दुकान बसलं आणि आता बँक सांभाळणाऱ्या वर्गातल्याच मुलीने त्याच्यावर वसुलीची केस टाकलीये. दोन दिवस धड जेवला नाही. आमचे हे म्हणतात, फी शिकायला भरतो की धंद्यात बुडायला? सासूबाई म्हणतात, अगं आमच्या शाळेत संचयिका होती तसंच असेल. तक्रार करू की चालू देऊ?
— एक आई, मानेवाडा

उ. आधी त्याला जेवू घाला बाई. रविवारी तर्री पोहे खायला घेऊन जा, कर्ज बुडालं म्हणून उपाशी राहायची पद्धत नागपुरात नाही.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. संचयिका म्हणजे शाळेतली बचत बँक, पासबुकं आणि वही मुलंच सांभाळायची. मी आठवीत कॅशियर होते, एकदा सव्वा रुपया कमी भरला तर रात्रभर झोप नाही, सकाळी कळलं की बेरीज चुकली होती. त्या बेरजेने मला जेवढं गणित शिकवलं तेवढं पुस्तकाने नाही शिकवलं, पण संचयिकेत कोर्ट नव्हतं, आणि तुमच्या मुलाच्या शाळेत खरी गंमत तिथंच आहे.

ही कल्पना काही नवीन नाही बरं का. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रीव्हिल गावाजवळ १८९५ साली विल्यम जॉर्ज नावाच्या माणसाने शहरातल्या गरीब पोरांसाठी "ज्युनिअर रिपब्लिक" काढलं, पोरांची स्वतःची नाणी, कायदे, कोर्ट आणि चक्क तुरुंग. पुढे १९६७ च्या सुमारास ब्रुकलिनमधल्या जॉर्ज रिचमंड या शिक्षकाने पाचवीच्या वर्गात हाच प्रयोग केला, आणि १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल शहरात अख्खी शाळाच या पद्धतीने सुरू झाली. गणित भाषा नेहमीसारखीच शिकवायची, पण शिकलेलं दुपारी बँकेत, दुकानात, कोर्टात वापरायचं. व्याज काढता आलं नाही तर बँकेत नोकरी नाही, अर्ज नीट लिहिता आला नाही तर दुकानाला परवाना नाही. म्हणजे तुमच्या ह्यांना सांगा, अभ्यास कुठे गेलेला नाहीये, फक्त त्याला काम लागलंय.

पण मला सगळ्यात आवडतो तो पोलंडचा यानुश कोर्चाक. डॉक्टर, लेखक, आणि वॉर्सात १९१२ पासून ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवायचा. तिथे मुलांचं कोर्ट होतं, आठवडाभरात ज्यांच्यावर एकही केस नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. कायद्याची पहिली ९९ कलमं नुसती माफीची, मग हळूहळू कडक होत जायची. आणि मोठी माणसंही त्यातून सुटत नव्हती, कोर्चाक स्वतः सहा महिन्यांत पाच वेळा त्या कोर्टापुढे गेला, एकदा मुलाच्या कानाखाली वाजवली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. आपल्याकडचे किती सर हे करतील, मला सांगा.

म्हणून तक्रार करण्याआधी शाळेत जाऊन एकच विचारा, या गावात मुलांच्या हातात खरंच काही आहे का? मुलांनी सभेत ठराव केला तर तो लागू होतो की प्रिन्सिपल मॅडम सही करत नाहीत? केस शिक्षकावर टाकता येते का? उत्तर नाही असेल तर ते गाव नाही, गॅदरिंगचं नाटक आहे, खुशाल तक्रार करा.

अजून एक बघा, इतवारीतून होलसेल माल आणून पोराच्या दुकानात भरणारे पालक आहेत का. असतात हो, मी पाहिलेत. मग तिकडे पैसेवाल्या घरचं पोर मार्केट मारतं आणि बाकीची नोकर होतात, हे शिकवायला वेगळी शाळा कशाला हवी. यावर मुलांनीच नियम करायला हवा आणि तो विषय सभेत तुमच्याच मुलाने काढला तर उत्तम.

केसचं म्हणाल तर ह्यांना मध्ये पडू देऊ नका, त्या मुलीच्या आईला फोन तर अजिबात नको. हायकोर्टाचं खंडपीठ आपल्या गावात आहे, पण या केसला वकील नको. पार्टनरशिप लिहून घेतली होती का, एवढंच त्याला विचारा. नसणारच. मग हप्ते पाडून मागायला सांगा, अर्ज त्यानेच लिहायचा.

आणि एखाद्या शनिवारी त्याला घेऊन सेवाग्रामला जा, पाऊणशे किलोमीटर आहे. गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हाताने काम करत शिकायचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत पुढे आला आणि सेवाग्रामच्या शाळेत मुलं आमसभा भरवून सफाई, स्वयंपाकघर, सुताचा हिशेब आपसात वाटून घ्यायची. तिथे नोटा नव्हत्या, काम मात्र खरं होतं. खरं सांगू, मला नोटांपेक्षा तेच जास्त पटतं.

प्र. हिंगणा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. शालेय मंत्रिमंडळ आहे पण कागदावरच, शपथविधीचा फोटो निघतो आणि संपलं. पैसा नाही. काय करू?

उ. सर, सगळी खाती बरखास्त करा आणि एकच खरी गोष्ट मुलांच्या ताब्यात द्या. खेळाचं साहित्य द्या. बॉल कोणाला, किती वेळ, हरवला तर काय, हे त्यांनीच ठरवायचं आणि रजिस्टरला लिहायचं. पहिला महिना राडा होईल. बॉल एखाद्या दांडग्याच्या घरी जाईल. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, तोंडावर बोट. तक्रार आली की शनिवारी सभा, गोल बसून, तुम्हालाही एकच मत. ते जमलं की खिचडी वाढायची पाळी त्यांच्याकडे द्या.

प्र. मुलगी शाळेत महापौरपदाला उभी आहे, पाच मिनिटांचं जोरदार भाषण लिहून द्याल का?

उ. नाही.